चिमटेवाला

दोरीवरचा सदरा सुटून खालच्या पत्र्यावर जाऊन पडला, तेव्हा भाऊंच्या बोटांत चिमट्याचा फक्त अर्धा तुकडा उरला होता. त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. उरलेला अर्धा कुठे दिसला नाही. उन्हाने सगळेच चिमटे ठिसूळ झाले होते, हात लावला की बिस्किटासारखे मोडत.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काठीने सदरा ओढून घेतला आणि वर पाहिलं.

"भाऊ, नवे चिमटे घ्या की आता. नाहीतर एक दिवस सदऱ्याच्या मागोमाग तुम्हीच याल खाली."

"घ्यायचे आहेत," भाऊ म्हणाले.

हे ते बरेच दिवस म्हणत होते. पण म्हणून झाल्यावर त्यांना नेहमीप्रमाणे ताईचं पत्र आठवलं आणि सदरा आणायला खाली जाण्याऐवजी ते आत येऊन खुर्चीत बसले.

पत्र शब्दकोशात होतं. ते आलं तेव्हा खिडकीसमोरच्या झाडाला नवी पालवी होती. आता त्याच झाडाची पानं गळून गल्लीभर झाली होती, आणि पत्राचं उत्तर अजून गेलं नव्हतं. पत्र काढून वाचायची गरज नव्हती. भाऊंना ते पाठ होतं.

'चि. वाळवीस अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे. साबण, टॉवेल, कंगवा, मागायच्या आधी मिळतं. त्यामुळे काही घ्यावं लागत नाही. तू घरात नवीन काय घेतलंस ते कळव. तेवढंच कळव, लांबण लावू नकोस.'

वाळवी हे त्यांचं लहानपणापासूनचं नाव. पुस्तकाला लागते ती वाळवी. ताईने ते ठेवलं आणि तिच्याशिवाय ते कोणी वापरलं नाही. पुढे भाऊ छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागले, म्हणजे छापायच्या आधी दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधायच्या, तेव्हा ताई म्हणाली होती, "चला, वाळवीला आता पगारही मिळणार."

या कामाने त्यांना एक खोड लावली होती. ओळीत चूक सापडली नाही, तर ओळ बरोबर आहे असं त्यांना वाटत नसे. आपलंच लक्ष कमी पडलं असं वाटे. ताईचं पत्र त्यांनी याच नजरेने वाचलं. मागायच्या आधी मिळतं, म्हणजे मी न मागता तू मला इथे आणून टाकलंस. काही घ्यावं लागत नाही, म्हणजे घ्यायला आता माझं असं काही राहिलं नाही. आणि नवीन काय घेतलंस, म्हणजे मला बाहेर काढून माझ्या जागी काय आणलंस. दर वाचनात टोमणा जास्त धारदार होत गेला.

उत्तरं त्यांनी लिहिली नाहीत असं नाही. एका उत्तरात नुसती क्षमा मागितली होती. एकात डॉक्टरांचं म्हणणं सविस्तर दिलं होतं. एक तर इतकं चांगलं उतरलं की वाचून त्यांनाच लाज वाटली आणि त्यांनी ते फाडलं. खरी अडचण वेगळीच होती. ताईने एकच गोष्ट विचारली होती आणि तिचं उत्तर 'काही नाही' असं होतं. ती गेल्यापासून या घरात नवीन काहीच आलं नव्हतं. 'नवी कढई घेतली' असंही त्यांनी एकदा लिहून पाहिलं. पण ताई विचारणार, बूड जाड आहे का, कान कसे बसवलेत. भाऊंना कढईला कान असतात हेसुद्धा आठवावं लागलं.

ताई तरुणपणीच विधवा झाली आणि एक ट्रंक घेऊन भावाच्या घरी आली. भाऊंनी लग्न केलंच नव्हतं. करायचं राहून गेलं, असं ते म्हणत. त्यांच्या पगारात मोठी वस्तू घरात कधी आली नाही. पण लहानसहान वस्तू येत. कधी एखादी गाळणी, कधी डब्याचं घट्ट बसणारं झाकण, दाराचा आकडा, बाटल्या घासायचा ब्रश. ताई ती वस्तू पदराआड लपवून आणावी तशी आणे आणि खिडकीजवळच्या तिवईवर ठेवी. तिचा एक नियम होता. नव्या वस्तूला पहिल्या दिवशी हात लावायचा नाही.

"आज पाहुणी आहे ती," ताई म्हणे. "आल्या आल्या कामाला जुंपायचं म्हणजे माणुसकी नाही. उद्यापासून आहेच जन्माचं."

मग संध्याकाळभर ती येता-जाता तिवईपाशी थांबे, वस्तूला जरासं वळवे, लांबून बघे. वाचता वाचता भाऊ चष्म्यावरून ते पाहत आणि मनात हसत. एकदा त्यांनी न कळून पाहुण्या सुरीने पेन्सिल तासली होती. ताई दिवे लागेपर्यंत त्यांच्याशी बोलली नव्हती.

न्हाणीघरात ताई घसरून पडली ती फुटकी बादली उचलताना. "नवी घ्यायचीच होती रे," असं ती फरशीवर पडल्या पडल्या म्हणाली होती. खुब्याचं हाड मोडलं. काही आठवडे भाऊंनी करून पाहिलं. तिला उचलायला त्यांच्या हातांत जोर नव्हता, आणि एका सकाळी तिला उचलताना तेही खाली बसले ते बसलेच. दोघं पलंगाला टेकून, शेजारचे उठेपर्यंत, एकमेकांकडे न बघता बसून राहिले होते. त्यानंतर वृद्धाश्रमाच्या कागदावर भाऊंनी सही केली. सुरुवातीला ते भेटायला गेले. दर वेळी ताई एकच विचारी, "घरी कधी?" आधी त्यांनी उत्तर टाळलं, मग जाणं टाळलं.

संध्याकाळी फोन वाजला. वृद्धाश्रमातली परिचारिका होती.

"ताईंचे भाऊ ना? तशी तब्येत आहे तशीच आहे. पण अलीकडे त्या माणसं ओळखेनाशा झाल्यात. एखादा दिवस ओळखतात, एखादा नाही. यायचं तर आत्ताच येऊन जा, म्हणून म्हटलं कळवावं."

"उद्या येतो," भाऊ म्हणाले. "काय आणू?"

"काही नको हो. इथे सगळं मिळतं."

फोन ठेवल्यावरही भाऊ तिथेच उभे राहिले. माणसं ओळखेनाशी झाली तर उत्तर कुणाला द्यायचं, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला. मग त्यांनी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

दुकानाच्या दारात बादल्या टांगल्या होत्या. त्यांच्याखालून वाकून आत जावं लागे.

"आज सूर्य कुठून उगवला?" दुकानदार म्हणाला. "तुम्ही आणि दुकानात? ताई कशा आहेत?"

"आहे. चिमटे हवे होते."

"कसले देऊ? प्लास्टिकचे, लाकडी, स्टीलचे?"

दुकानदाराने तिन्ही प्रकार फळीवर मांडले आणि हसला.

"ताई असत्या तर अर्धा तास गेला असता. काय करायच्या माहीत आहे? चिमटा स्वतःच्या बोटाला लावून बघायच्या. असा. बोट दुखलं तरच घ्यायच्या. मला म्हणायच्या, 'जो बोट सोडतो तो कपडा काय धरणार?' एकेक चिमटा लावून बघायच्या हो. मी वैतागायचो. मागून गिऱ्हाईक ओरडायचं."

"घरी कधी सांगितलं नाही."

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? पण त्यांचा चिमटा घेऊन झाला ना, की जत्रेतून आल्यासारखं तोंड असायचं. आता कोण घेतं असं? डझन द्या म्हणतात, पिशवीत टाकतात, चालले."

भाऊंनी दुकानदाराकडे अर्धवट पाठ करून एक लाकडी चिमटा बोटाला लावला. दुखलं. पण पुरेसं दुखलं का, हे त्यांना ठरवता येईना. दुसरा लावला. तो जरा जास्त दुखला. पुठ्ठ्यावर लावलेली एक ओळ त्यांनी घेतली, पैसे दिले, आणि बादल्यांखालून बाहेर पडताना ताठ उभं राहायची घाई केल्यामुळे डोकं आपटून घेतलं.

घरी आल्यावर पुठ्ठा त्यांनी तिवईवर ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं की तो तिथेच ठेवायचा असं आपण ठरवलं नव्हतं. तारेच्या स्प्रिंगवर दिव्याचा उजेड पडला होता. त्यांनी वाकून वास घेतला. लाकडाला नव्या पेन्सिलीचा वास होता. भाऊंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं लक्षात येताच ते तिथून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा पिशवीत घालून ते निघाले. वृद्धाश्रमातल्या लांबट खोलीत सगळ्या पलंगांवर एकाच रंगाच्या चादरी होत्या आणि पायथ्याला टांगलेल्या टॉवेलांवर क्रमांक शिवले होते. ताई खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिचे केस बारीक कापले होते. भाऊ जवळ जाऊन उभे राहिले. हातातली पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं.

"कुणाकडे आलात?"

जन्मापासून ती त्यांना 'तू' म्हणत आली होती. भाऊंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. काय सांगावं ते मनात जुळवेपर्यंत ताईची नजर पिशवीवर गेली. पुठ्ठ्याचं टोक बाहेर आलं होतं.

"काय विकता?"

भाऊंनी तोंड उघडलं. नाव सांगायचं, नातं सांगायचं, की आधी क्षमा मागायची?

"चिमटे," ते म्हणाले.

"बघू."

तिने पुठ्ठा हातात घेतला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, उलटा करून मागची बाजू पाहिली. तिची पाठ उशीवरून सुटून सरळ झाली होती.

"केवढ्याला?"

भाऊंनी दुकानदाराने घेतलेले पैसे सांगितले.

"म्हातारी बघून भाव चढवलात वाटतं? आमच्या कोपऱ्यावरचा याच्या निम्म्यात देतो."

भाऊंनी जन्मात कधी घासाघीस केली नव्हती. "निम्म्यात परवडत नाही बाई," असं आपल्याच तोंडून निघालेलं त्यांनी ऐकलं. "लाकूड बघा. वास घेऊन बघा."

ताईने वास घेतला. परिचारिका औषधाच्या वाट्या घेऊन आली होती, ती पुढे होऊन म्हणाली, "अहो ताई, हे तुमचे..."

भाऊंनी हात किंचित वर केला. परिचारिका थांबली, दोघांकडे पाहून वाटी ठेवली आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

ताईने एक चिमटा काढून आपल्या बोटाला लावला होता. ती बोटाकडे बघत राहिली. मग दुसऱ्या बोटाला लावून पाहिला.

"माझ्या बोटांना आता काही कळत नाही," ती म्हणाली. "तुमचं बोट द्या."

भाऊंनी हात पुढे केला. शाईने वर्षानुवर्षं काळं राहिलेलं त्यांचं मधलं बोट तिने निवडलं आणि चिमटा लावला.

"दुखतंय?"

"हो."

"खरं सांगा. विकणारा माणूस काय, हो म्हणणारच."

"खरंच दुखतंय."

ताईने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चिमटा काढून घेतला.

"मग चांगला आहे. एकच द्या."

शेजारच्या पलंगावरची म्हातारी कुशीवर वळून बघत होती. ती म्हणाली, "कपडे यंत्रात वाळतात इथे. दोरी तरी आहे का तुझ्याकडे?"

"चिमटा घ्यायच्या आधीच दोरी कुठून येणार?" ताई म्हणाली आणि उशीखाली हात घालून काहीतरी शोधू लागली. उशीखाली काही नव्हतं. तिने उशी उचलून पाहिली, परत ठेवली. तिचा चेहरा पडला.

"पैसे नाहीत हो माझ्याकडे. भावाकडून घ्याल का? लांब नाही. गिरणीच्या मागची गल्ली, वरचा मजला. घंटी बिघडलीय, कडी वाजवा. जोरात वाजवा, डोकं पुस्तकात असतं त्याचं."

"देतील ना ते?"

"देईल. माणूस चांगला आहे. फक्त उत्तर द्यायला वेळ लावतो." तिने चिमट्याची तोंडं एकदा उघडून मिटवली. "पत्र टाकलं होतं त्याला. घरात नवीन काय घेतलंस ते कळव म्हटलं."

भाऊ पलंगाच्या कडेला बसले. विकायला आलेला माणूस असा बसत नाही, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. ताईच्याही आलं नाही.

"उत्तर आलं नाही?"

"नाही. त्याला वाटलं असेल मी टोमणा मारला. लहानपणापासून तसाच आहे. नुसतं 'जेवलास का' विचारलं तरी त्याला त्यात काहीतरी सापडायचं."

"आणि टोमणा नव्हता?"

"कसला टोमणा? इथे काही घ्यायलाच मिळत नाही. त्याने लिहिलं असतं गाळणी घेतली, तर मी इथे पडल्या पडल्या दुकानात जाऊन आले असते." तिने चिमटा उजेडाकडे धरला. "बादली तरी घेतली असेल. बूड न बघता घेतली असेल."

बाहेर आवारात कुणीतरी वाळकी पानं झाडत होतं. भाऊंनी ताईच्या हाताकडे पाहिलं. तो हात धरावा असं त्यांना वाटलं, पण चिमटेवाल्याने तो धरायचा कसा? त्यांनी पुठ्ठा पिशवीत ठेवला.

ताईने तिचा चिमटा पलंगाजवळच्या लहान कपाटावर ठेवला, पाण्याचा पेला बाजूला सारून. मान मागे घेऊन पाहिला. जरासा वळवला.

"आज नाही वापरायचा," ती म्हणाली, त्यांना की स्वतःला ते कळलं नाही. "आज पाहुणा आहे."

"येतो," भाऊ उठले.

"परत फेरी कधी तुमची?"

"शनिवारी."

"पैसे घेतल्याशिवाय जाऊ नका त्याच्याकडून," ताई म्हणाली आणि पुन्हा चिमट्याकडे बघायला लागली.

दारापाशी परिचारिका भेटली. पत्र पाठवलं तर ताईंना वाचता येईल का, असं भाऊंनी विचारलं. ती म्हणाली, अक्षर लागत नाही आता त्यांना, वाचून दाखवू आम्ही. कुणाचं आहे ते कळेल की नाही, सांगता येत नाही.

"चालेल," भाऊ म्हणाले.

बसमध्ये त्यांनी बोट पाहिलं. चिमट्याच्या दोन्ही तोंडांचे वळ उठले होते. गिरणीचा थांबा येईपर्यंत ते फिके झाले.

वर आल्यावर आपल्याच दाराची कडी त्यांनी हातात धरली, इकडेतिकडे पाहिलं आणि एकदा वाजवली. मग जराशी जोरात, पुन्हा एकदा. खालच्या बाईंनी जिन्यातून डोकं वर काढलं.

"किल्ली विसरलात की काय?"

"नाही नाही. आहे."

"तुमचा सदरा कालपासून माझ्याकडे पडलाय. इस्त्री करून मागू नका म्हणजे झालं."

भाऊंनी सदरा घेतला, दार उघडलं, चिमट्यांचा पुठ्ठा तिवईवर ठेवला आणि टेबलापाशी बसले. कच्चा मजकूर केला नाही. एकदम चांगल्या कागदावर लिहायला घेतलं.

'ती. ताईस सा. न. वि. वि.

चिमटेवाला आला होता. कडी जोरात वाजवली त्याने. पैसे दिले. एक चिमटा तू घेतलास असं म्हणाला, उरलेले मी घेतले. बोटाला लावून बघितले, दुखतं. आज तिवईवर आहेत, उद्या सदरे वाळत घालीन. बादली अजून घेतलेली नाही. शुक्रवारी दुकानात जाणार आहे. बूड कसं बघायचं ते त्या माणसाला सांगून ठेव, तो शनिवारी परत तुझ्याकडे येणार आहे.

तुझा वाळवी.'

पाकीट डकवून ते तसेच खाली उतरले. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी त्यांचा हात सवयीने थांबला. पेन खिशात होतं. त्यांनी पाकीट उजेडाकडे धरलं. आतली ओळ दिसत नव्हती.

त्यांनी ते फटीतून आत सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही. अडकलं की काय म्हणून त्यांनी बोट आत घालून पाहिलं, आणि पेटीची लोखंडी झडप बोटावर मिटली.

भाऊंनी बोट लगेच काढलं नाही.